चेहरा आमचा नेला, जमीन धूसर केली



पाऊस उघडला, नागली-वरई कापायला आली की आपल्याकडे दोन पाहुणे येतात. एक वनखात्याचा गार्ड. दुसरा गळ्यात कॅमेरा अडकवलेला शहरातला माणूस. गार्डबद्दल या पत्रकात आपण दर वेळी लिहितो. आज दुसऱ्याबद्दल लिहायचं आहे. कारण एका दाव्याच्या कामात आम्हाला कळलं की, या दुसऱ्या पाहुण्यानेही आपलं नुकसान केलंय, आणि तेही आपल्याच घरचा चहा पिऊन.

गोष्ट अशी. आमच्या बाजूच्या पाड्यावरच्या एका भावाचा वनहक्काचा दावा वरच्या समितीकडून परत आला. शेरा काय? "बांध नवीन दिसतो. १३ डिसेंबर २००५ आधीचा कब्जा सिद्ध होत नाही." बाप त्या जमिनीवर राबून मेला, आय तिथंच म्हातारी होऊन मेली, आणि कब्जा सिद्ध होत नाही! दंडाच्या पावत्या होत्या, त्या कुडाच्या भिंतीत खोचलेल्या, वाळवीनं खाल्ल्या. अपील करायला ६० दिवस. कागद घेऊन आम्ही तालुक्याला झेरॉक्स काढायला गेलो. दुकानात भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं, २००१ सालचं. चित्र चांगलं म्हणून दुकानदारानं काढलं नव्हतं. त्यावर एक डोकरी सुपानं नागली पाखडतेय. आमचा भाऊ बघतच राहिला. म्हणाला, "ही तं माझी आय."

घरात त्या आयचा एकही फोटो नाही. रेशनकार्डावर नाव आहे, तोंड नाही. आणि तालुक्याच्या दुकानात ती सात-आठ वर्षं लटकत होती. खाली काय छापलं होतं? फोटो काढणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात. आणि तिचं नाव? "आदिवासी वृद्धा."

भावाला तो दिवस आठवतो. तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा. दोन कॅमेरे, तीन पायाचा स्टँड, पिशवीभर भिंगं घेऊन माणूस आला. पोरांना बिस्किटं वाटली. डोकरीला म्हणाला, पायातली रबरी चप्पल काढ. भावाला म्हणाला, टेरिकॉटचा शर्ट काढ आणि बाजूला हो. खळ्यावरची प्लास्टिकची बादली त्यानं स्वतः उचलून मागे ठेवली. दोन तास पाखडायला लावलं. पाखडायची नागली संपली तर पाखडलेलीच परत सुपात घातली. मग "छान, छान" म्हणत गेला. फोटो पाठवतो म्हणाला. वाट बघून डोकरी मेली.

पण आम्ही हे लिहितोय ते एवढ्यासाठी नाही. कॅलेंडर आम्ही उजेडात नेऊन नीट बघितलं. खळा तिच्या शेताच्या वरच्या अंगाला होता. तिच्या पाठीमागं बांध पाहिजे, आंबा पाहिजे, झोपडी पाहिजे. २००१ च्या कॅलेंडरात आलेला फोटो म्हणजे २००५ च्या आधीचा, हे कुणी नाकारणार नाही. छापील पुरावा! पण मागं काय दिसतं? नुसता हिरवा-पिवळा धूर. सुरकुत्या एकेक मोजता येतात, आणि बांध दिसत नाही.

आम्ही फोटोचं काम जाणणाऱ्या एका मित्राला विचारलं, असं कसं झालं? त्यानं समजावलं. महागडं मोठं भिंग पूर्ण उघडून जवळच्या माणसावर धरलं की माणूस रेखीव येतो, मागचं सगळं पुसल्यासारखं होतं. हौशी लोक त्यासाठीच पैसे मोजतात. मागचं धूसर झालं तर फोटो चांगला समजतात. हजार-दोन हजाराचा साधा कॅमेरा हे करूच शकत नाही, त्यात माणूस आणि मागचा बांध दोन्ही स्वच्छ येतात.

ऐका भावांनो. हे फक्त भिंगाचं नाही. हीच त्यांची नजर आहे. आमचा चेहरा हवा, आमचं लुगडं हवं, तारपा हवा, बोहाड्याचे मुखवटे हवेत. मागची जमीन धूसर हवी. कारण जमीन स्वच्छ दिसली तर प्रश्न येतो, ही कुणाची?

हे आजचं नाही. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी 'द पीपल ऑफ इंडिया' नावाची आठ खंडांची पुस्तकं काढली, १८६८ ते १८७५ या काळात. देशभरच्या जाती-जमातींच्या माणसांचे फोटो. बहुतेकांच्या खाली माणसाचं नाव नाही, जमातीचं नाव आणि स्वभाव कसा, भरवशाची की नाही, असली माहिती. राज्य करायला माणसं ओळखून ठेवायची होती. त्याच काळात जंगलाचे कायदे झाले, १८६५ चा, मग १८७८ चा. एका हातानं फोटो काढला, दुसऱ्या हातानं जंगल काढून घेतलं. आणि आज? अंदमानात जारवा लोकांच्या राखीव जंगलातून मोठा रस्ता नेलाय. २००२ साली सुप्रीम कोर्टानं तो तेवढ्या भागात बंद करायला सांगितलं, तरी गाड्या चालूच. प्रवासी खिडकीतून माणसांचे फोटो घेतात, वाघ-हरणाचे घ्यावेत तसे. इंग्रजीत गोळी घालण्याला आणि फोटो काढण्याला एकच शब्द आहे, शूट. आपल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, फोटू काढला की आयुष्य कमी होतं. शहरातले हसायचे. आयुष्याचं माहीत नाही, पण काहीतरी जातं आणि परत येत नाही, हे त्या डोकरीच्या घरी जाऊन बघा.

आम्ही या लोकांशी बोललो आहोत. त्यांची तीन उत्तरं ठरलेली.

पहिलं, "विचारलं की चेहऱ्यावरचे नैसर्गिक भाव जातात." म्हणून लांब नळीचं भिंग लावून झाडाआडून काढतात. बाई ओढ्यावर धुणं धूत असते, पोराला पाजत असते. शहरात कुणाच्या घराच्या खिडकीला अशी नळी लावून बघा, भाव किती नैसर्गिक राहतात ते! आणि आमच्या डोकरीला चप्पल काढायला लावली, तेव्हा नैसर्गिक कुठं गेलं?

दुसरं, "आम्ही पैसे दिले, पोरांना खाऊ दिला." पोरांना दहा रुपये हातावर ठेवून भीक शिकवली, आणि फोटोला बक्षीस लागलं ते आपल्या घरी नेलं. याला देणं म्हणत नाहीत.

तिसरं, "आम्ही तुमची संस्कृती जगाला दाखवतो." कोणती संस्कृती? लग्नचौकापुढं भगत बसलेला असताना मधे घुसून डोळ्यात फ्लॅश मारायचा, ती? आणि जगाला दाखवायचंच असेल तर हेही दाखवा की, नाचणाऱ्या त्या पोराच्या बापावर जंगल नासवल्याची केस आहे. तो फोटो कुणी काढत नाही, त्याला बक्षीस नसतं.

त्या कॅलेंडरवरच्या नावाचा फोन नंबर आम्ही शोधला. म्हणालो, साहेब, मूळ निगेटिव्ह असेल, त्या दिवशीचे बाकीचे फोटो असतील, एकात तरी बांध स्वच्छ असेल, एक प्रत द्या, खर्च आम्ही देतो. पहिल्यांदा म्हणाले, जुन्या वस्तू शोधाव्या लागतील. दुसऱ्यांदा म्हणाले, कॉपीराइट असतो. तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. चेहरा आमच्या आयचा, नागली तिची, खळा तिचा, आणि हक्क त्यांचा! गार्डचीही भाषा अशीच असते.

सगळेच असे नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. एक बाई दोन वर्षांपूर्वी आल्या, आधी कॅमेरा पिशवीतच ठेवून दोन दिवस राहिल्या, निंदणीला बसल्या, मग विचारून फोटो काढले. दिवाळीनंतर घरोघरचे फोटो नावं लिहून घेऊन आल्या. त्या पाड्यात आज त्यांना बहिणीसारखं मानतात. म्हणजे जमतं. मनात पाहिजे.

आणि थोडं आपल्याकडेही बघू. मोर्चाचे फोटो आपणच पेपरला देतो. पुढच्या रांगेतली तोंडं स्वच्छ दिसतात, मग पोलीस तेच कात्रण घेऊन पाड्यात नावं विचारत येतात. रडणाऱ्या बाईचा फोटो आपल्याही कार्यकर्त्यांनी न विचारता काढलाय. आपली काही पोरं मोबाइलवर विहिरीवरच्या पोरींचे फोटो काढतात. शहरवाल्याला एक न्याय आणि आपल्याला दुसरा, असं चालणार नाही.

म्हणून बैठकीत ठरलं ते सांगतो. प्रत्येक गावानं ग्रामसभेत ठराव घ्यावा. हा अधिकार आपण मागत नाही, आपला आहेच. १९९६ च्या पेसा कायद्यानं आपली रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायचं काम ग्रामसभेकडं दिलंय.

१. गावात फोटो काढायला येणाऱ्यानं आधी गावाला सांगावं : कोण, कशासाठी, फोटो कुठं छापणार.
२. ज्याचा फोटो त्याला विचारायचं. नाही म्हटलं तर नाही. बाई, पोर, आजारी माणूस, मयत, भगताचं काम, इथं दुप्पट विचार.
३. कपडे काढ, चप्पल काढ, परत नाच, असलं काही सांगायचं नाही.
४. फोटोखाली माणसाचं नाव, पाड्याचं नाव. "आदिवासी वृद्धा" चालणार नाही.
५. एक प्रत घरी, एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात. दाव्यासाठी मागितला तर मूळ फोटो द्यायचा. हे लिहून सही करायची, मग कॅमेरा उघडायचा.

आणि दुसरं काम आपलं. संघटनेनं वर्गणीतून एक साधा कॅमेरा घेतलाय, तो पाड्यापाड्यात फिरणार आहे. वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये पुरावे दिलेत : घर, झोपडी, सपाट केलेली जमीन, बांध, विहीर, मसणवट, देवाची जागा, दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब. एकाहून जास्त पुरावे लागतात. फोटो हा त्यांना टेकू आहे, एकटा फोटो पुरत नाही. पण आज बांध आहे हे दाखवलं तर उद्या कुणी म्हणणार नाही की नव्हताच.

फोटो काढताना : भर दुपारी काढू नका, बांध सपाट दिसतो. सकाळी किंवा दिवस कलताना, ऊन बाजूनं पडेल असं उभं राहा, बांधाची सावली पडून तो उठून दिसतो. कॅमेऱ्याची तारीख आधी तपासा, सेल काढला की ती चुकते आणि पुरावा उलटतो. एक लांबून : आंबा, झोपडी, डोंगर सगळं एकात. एक जवळून : दावेदार बांधावर उभा, हातात पाटी, पाटीवर नाव, गाव, तारीख. जुन्या आंब्याच्या बुंध्याला माणसानं मिठी मारून उभं राहावं, घेर कळतो. विहीर, वाघदेव विसरू नका. सगळे फोटो वनहक्क समितीच्या पंचनाम्याला जोडा. आणि एक फोटो दाव्यासाठी नको, घरासाठी काढा : आयचा, बाबाचा, जिवंत असताना. भिंतीवर लावायला.

त्या भावाचं अपील आपण घातलंय. सोबत दोन म्हाताऱ्यांचे जबाब आहेत, आंब्याचा फोटो आहे आणि ते कॅलेंडर आहे. दुकानदारानं ते काढून दिलं, पैसे घेतले नाहीत. धूसर का होईना, मागं हिरवा-पिवळा रंग आहे. आम्ही समितीला सांगणार आहोत, साहेब, हा धूर नाही, ही आमची नागली आहे.

पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या आणि प्रत संघटनेकडे पाठवा.

तोंड आमचं, नाव आमचं, जमीन आमची!

जोहार.