पाटी दारावरची आणि पाटी इंटरनेटवरची

पावसाळा तोंडावर आला की आपल्याला कुणी काही सांगावे लागत नाही. गच्चीवरची पन्हळे साफ होतात, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधले जातात, गहू-तांदूळ ऊन दाखवून डब्यात भरले जातात. आमच्या मावळात तर पाऊस असा कोसळतो की मेमध्ये केलेला आळस जुलैत घरभर गळतो.

बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. आजही दर वर्षी पावसाळ्याआधी कर्जत ते लोणावळ्याच्या दरम्यान रेल्वेची माणसे डोंगरउतारावर चढतात, सुटू पाहणारे दगड हुडकतात आणि आपल्या हातांनी पाडून टाकतात. दगड रुळावर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे बरे, नाही का?

मग घरचा धंदा जिच्यावर चालतो, त्या वेबसाइटकडे मात्र एकदा करून घेतली की आपण ढुंकूनही पाहत नाही. असे का बरे?

माझ्या शेजारणीची गोष्ट सांगते. तुंगार्लीला घराच्या मागच्या दोन खोल्या त्या पर्यटकांना देतात. जेवण घरचे, स्वच्छता चोख, माणसे पुन्हा पुन्हा येणारी. भाच्याने कॉलेजात असताना वेबसाइट करून दिली होती. पुढे त्याला बंगळुरूला नोकरी लागली. वेबसाइटचे नाव, म्हणजे ज्याला डोमेन म्हणतात ते, त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर नोंदलेले. मुदत संपत आल्याच्या सूचना तिकडे जात राहिल्या आणि ती पेटी तर केव्हाच बंद झालेली. मार्चमध्ये मुदत संपली. जूनमध्ये ते नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतले आणि यांच्याच घराचे फोटो लावून आगाऊ रक्कम घ्यायला सुरुवात केली.

जुलैतल्या एका रात्री साडेअकराला फाटक वाजले. धो धो पाऊस, गाडीत दोन लहान मुले पेंगलेली. "ताई, हेच घर ना? आम्ही पैसे भरलेत." यांनी पाहिले तर पावतीवर घराचे नाव यांचे, पण मोबाइल नंबर परका. चूक यांची नव्हती, पण दारात उभ्या माणसांना ते काय सांगणार? त्यांनी पिठले-भाकरी केली आणि हॉलमध्ये गाद्या घातल्या. सकाळी मला म्हणाल्या, "वहिनी, पैशाचं काही नाही हो. वीस वर्षं सांभाळलेलं नाव गेलं ना!"

म्हणून आज हा विषय. एक साधी वही घ्या आणि पुढची कामे दुधा-पेपरच्या हिशेबासारखी तिच्यात लिहून काढा.

पहिले काम नावाचे. वेबसाइटचे नाव आपल्या मालकीचे कायमचे नसते, ते मुदतीपुरते घेतलेले असते. 'डॉट कॉम' नावाच्या बाबतीत मुदत संपण्याच्या सुमारे एक महिना आणि एक आठवडा आधी ईमेलवर सूचना येते. मुदत टळली तरी नाव लगेच हातचे जात नाही, काही आठवडे सवलतीचे मिळतात. पण शेवटी शेवटी सोडवून घ्यायला दंड बराच पडतो, आणि तोही काळ गेला की नाव कुणालाही मोकळे. तेव्हा नोंद आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाइलवर आहे ना, हे आजच पाहावे. भाचा, दीर, ओळखीचा मुलगा यांनी मदत जरूर करावी, पण सात-बारा आपल्याच नावाचा हवा! शक्य असल्यास एकदम तीन-चार वर्षांचे पैसे भरून टाकावेत. वेबसाइट ज्या जागेत ठेवलेली असते तिचे भाडे वेगळे असते. त्याची तारीखही वहीत लिहावी.

दुसरे काम कुलपाचे. पत्त्याआधी 'एचटीटीपीएस' असायला हवे. त्याचे प्रमाणपत्र संपले की येणाऱ्याला 'ही जागा सुरक्षित नाही' अशी पाटी दिसते आणि गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच परत जाते. काही प्रमाणपत्रे नव्वदच दिवसांची असतात. ती आपोआप नवी होतात की नाही, हे करून देणाऱ्याला विचारून ठेवावे. पासवर्ड मुलांच्या वाढदिवसाचा नको. आणि ओटीपी कुणालाही, अगदी 'कंपनीतून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही, सांगू नये.

तिसरे काम महिन्याचे. वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर ती आणि तिची जोडसामग्री, म्हणजे प्लगिन, वेळच्या वेळी अद्ययावत करावी. जुनी, न वापरलेली प्लगिन काढून टाकावीत. चोर बहुधा अशाच मोडक्या खिडकीतून शिरतात. पण त्याआधी सगळ्याची एक प्रत काढून घ्यावी. एक प्रत पेनड्राइव्हवर कपाटात आणि एक घराबाहेर, बहिणीकडे ठेवली तरी चालेल. आणि ती प्रत उघडते का, हेही कधीतरी पाहावे. झाकण न उघडता वर्षभर ठेवलेल्या लोणच्याची खात्री कोण देणार?

चौथे काम आठवड्याचे, पाच मिनिटांचे. दुसऱ्याच्या मोबाइलवरून आपली वेबसाइट उघडावी. फोन नंबर लागतो का? चौकशीचा निरोप आपल्यापर्यंत पोचतो का? दर याच वर्षीचे आहेत ना? चिक्की विकत असाल तर वजन, भाव आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक बरोबर आहे ना?

आणि पाचवे काम आम्हा मावळातल्या बायकांसाठी सगळ्यांत मोठे. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघे गेले. आपल्या पानावर मात्र अजून 'पाण्यात मनसोक्त डुंबा' असे लिहिलेले असेल तर? परगावचा माणूस आपल्या शब्दावर विश्वास ठेवून मुलाबाळांना घेऊन येतो. तेव्हा पावसाळ्यात प्रशासनाने कोणती ठिकाणे, किती वाजल्यानंतर बंद ठेवली आहेत ते पाहून मजकूर बदलावा. चांगली बातमीही घालावी: जुलै २०२५ मध्ये आपला लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, हे पाहुण्यांना कळू दे की!

एवढे करूनही फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे. पैसे ज्याचे गेले त्यालाही तेच सांगावे. जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

माझ्या शेजारणीने आता नवे नाव घेतले आहे, स्वतःच्या नावावर. पहिल्याच पानावर खरा नंबर ठळक दिला आहे. स्वयंपाकघरात कालनिर्णयावर मुदतीच्या तारखेभोवती लाल गोल केला आहे, गॅसच्या सिलिंडरच्या तारखेशेजारी. तुमचा लाल गोल कुठे आहे, मैत्रिणींनो?