ही दारू चालते होय?

मुलगा दारू पीत नाही, ही आपल्या समाजात अजूनही सांगण्यासारखी गोष्ट आहे. अमेरिकेत गेलेल्या मुलाची आई तर ती न विचारताच सांगते. "पीत नाही हो. पत्ते नाहीत, क्लब नाही. सुटी असली की गॅरेजमध्ये आपलं काहीतरी करत बसतो." काय करत बसतो, असं विचारलं की, "छंद आहे त्याचा. घरच्या घरी काडतुसं भरतो." आणि वर कौतुक, "लहानपणापासून हात चालायचाच त्याचा."

गेल्या दोन वर्षांत बेळगावातल्याच दोन घरांत मी हे ऐकलं. दोन्ही घरं रोज बस्तीला जाणारी, सूर्यास्तानंतर न जेवणारी. पाणी गाळून पिणाऱ्या घरातला मुलगा बंदुकीची दारू मोजतो आणि घरच्या बायका त्याला छंद म्हणतात, म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकायची नाही. ती घासायची, दाबयंत्रात घालून पुन्हा मापावर आणायची, बुडाला नवी टोपी बसवायची, आत दारू घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. स्वतःच्या वापरासाठी हे करायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.

पहिलं समर्थन असतं काटकसरीचं. "विकतपेक्षा स्वस्त पडतं." आपल्या बायकांना हे लगेच पटतं, कारण पापड घरी लाटणं स्वस्त पडतं हे आपण आयुष्यभर पाहिलेलं असतं. पण आधी दाबयंत्र येतं, मग प्रत्येक मापाच्या काडतुसाची वेगळी डाय, मग तराजू, कॅलिपर, पुंगळ्या घासायचं फिरतं भांडं, पुस्तकं, कपाटं. या छंदातले लोक स्वतःच हसत सांगतात की पैसे काही वाचत नाहीत, तेवढ्याच पैशांत जास्त गोळ्या उडतात एवढंच.

आता साठ्याचा हिशेब करू. ही दारू ग्रेन नावाच्या मापाने मोजतात. आपली सोनाराची गुंज म्हणजे पावणेदोन-दोन ग्रेन. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या एका काडतुसाला साधारण पाच ग्रेन, म्हणजे तीन गुंजांनाही थोडी कमीच दारू पुरते. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. म्हणजे एका पौंडाची झाली १,४०० काडतुसं! आणि तिथल्या अग्निसुरक्षेच्या नियमावलीत राहत्या घरात मूळ डब्यांतून २० पौंड दारू ठेवायला मुभा आहे. त्याहून जास्त, ५० पौंडांपर्यंत, ठेवायची असेल तर इंचभर जाड फळ्यांचं लाकडी कपाट लागतं. टोप्या १०,००० पर्यंत चालतात. वीस पौंडांची काडतुसं किती? २८,०००. "आमचं सगळं नियमात आहे," असं आई मला सांगते तेव्हा तिला हा आकडा माहीत नसतो.

एवढं कशाला लागतं? इथे मला राग येतो. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधल्या सँडी हुक शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं गोळ्यांनी मारली गेली. त्यानंतरच्या महिन्यांत अमेरिकेतल्या दुकानांमधून काडतुसं, टोप्या, दारू सगळं संपलं. का, तर आता सरकार कायदा कडक करील ही भीती. वीस पोरं गेली आणि माणसं टोप्यांच्या डब्यांसाठी रांगेत उभी राहिली! २०२० मध्ये महामारीत पुन्हा तेच झालं. एकदा रिकाम्या हाताने परतलेला माणूस पुढच्या वेळी दुप्पट घेतो. रॉकेलच्या रांगा पाहिलेल्या बायकांना हे मन कळतं. पण रॉकेल आपण चूल पेटवायला साठवत होतो.

दुसरं समर्थन धर्माच्या नावाने येतं, आणि ते मला जास्त बोचतं. "गृहस्थाला विरोधी हिंसा सुटलेली नाही. उद्या घरात चोर शिरला तर?" बरोबर आहे. हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी हे चार प्रकार आपण सगळ्याच स्वाध्यायात शिकलो आहोत, आणि अंगावर आलेल्याचा प्रतिकार गृहस्थाला करावा लागतो हेही. पण चोर एक शिरेल, दोन शिरतील. अठ्ठावीस हजार शिरणार आहेत का?

आणि स्वाध्याय करायचाच तर पुरता करू. हातातल्या माळेचे मणी १०८ का, हे आपल्यातल्या कितीतरी जणींना पाठ असतं. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातला हिशेब आहे तो. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काय हे तीन. स्वतः करणं, करवणं, अनुमोदन देणं हे तीन. आणि चार कषाय. गुणाकार केला की १०८. यातला समारंभ म्हणजे काय? आपल्या रोजच्या मराठीत बारसं-मुंज-लग्न, पण शास्त्रात त्याचा अर्थ साधनं जमवणं. करण्याचा निश्चय झाला तो संरंभ, सामग्री गोळा केली तो समारंभ, प्रत्यक्ष सुरुवात केली तो आरंभ. "अहो, तो कुणाला मारतोय थोडाच, नुसतं जमवतो," असं म्हणणारीच्या हातातल्या माळेत जमवण्याचा हिशेब ३६ मण्यांचा आहे. आणि "मी कुठे हात लावते?" म्हणणाऱ्या आईचा, बायकोचा हिशेब अनुमोदनाच्या मण्यांमध्ये आहे.

तिसरं समर्थन खेळाचं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतचं नाव मला दोन्ही घरांत ऐकवलं गेलं. २०१० मध्ये तिने जागतिक विजेतेपद मिळवलं, मलाही अभिमान आहे. पण त्या स्पर्धेतली रायफल पॉइंट टू टू बोअरची. त्या काडतुसाचं स्फोटक बुडाच्या कडेतच भरलेलं असतं. एकदा उडलं की पुंगळी टाकूनच द्यायची, पुन्हा भरायची सोय नाही. तेव्हा गॅरेजमधल्या टेबलाच्या समर्थनाला तिला ओढू नका.

आता त्या घरातल्या बाईविषयी. दोनपैकी एका घरची सून टेक्सासमध्ये असते. तिचं धुण्याचं मशीन गॅरेजमध्येच आहे आणि पुंगळ्या घासायचं यंत्र त्याच्याच शेजारी. मुलगा दोन वर्षांचा, जमिनीवर पडलेलं सगळं तोंडात घालणारा. टोपीच्या स्फोटकात बहुधा शिशाचं संयुग असतं. उडवलेल्या पुंगळीत त्याची काजळी राहते आणि घासताना धूळ होऊन हातांवर, कपड्यांवर, फरशीवर बसते. लहान मुलाच्या मेंदूला शिसं किती चालतं? सुरक्षित असं प्रमाणच माहीत नाही. तिथली सरकारी आरोग्य संस्था रक्तात डेसिलिटरमागे साडेतीन मायक्रोग्रॅम आढळलं तरी पुढची पावलं उचलायला सांगते. सुनेने एवढंच मागितलं की हे सगळं घराबाहेर काढा. सासरहून उत्तर गेलं, "पीत तर नाही ना? नशीब समज."

अहो, पीत नाही, पण आठ पौंड घरात भरून ठेवली आहे! बाटलीतली असती तर आपण पंचांना बोलावलं असतं, महाराजांसमोर नियम घ्यायला लावला असता. डब्यातली आहे म्हणून ती छंद झाली.

सुनेला सबुरी शिकवण्याआधी मुलाला बोला. तो म्हणेल, विकून टाकतो. तर तेही नको म्हणा. हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं हा अनर्थदंडच आहे. विल्हेवाट कशी लावायची हे तिथल्या अग्निशमन दलाला विचार म्हणा. रविवारी फोन येईल तेव्हा जेवलास का हे विचारून झालं की पुढचंही विचारा. घरात दारू किती पौंड आहे? टोप्या किती? बाळाचं रक्त तपासलं का, आकडा किती आला? ते यंत्र धुण्याच्या मशीनपासून हललं का? "बघू" म्हणाला तर फोन ठेवू नका, आकडे सांगायला लावा. एवढा छंद आहे तर पौंडांचे आणि टोप्यांचे त्याला तोंडपाठ असतील.