डेड सेटमधला मेन फिल्टर

पिक्चर ट्यूबची धास्ती प्रत्येक मेकॅनिकला असते. नवशिका पोरगाही ॲनोड कॅपला हात घालण्याआधी दोनदा विचार करतो. ते योग्यच आहे. रंगीत मॉनिटरच्या ट्यूबवर २५ किलोव्होल्टच्या आसपास दाब असतो आणि डिस्चार्ज केलेली ट्यूब थोड्या वेळाने पुन्हा थोडी भरलेली सापडते. पण या धास्तीपायी पॉवर सप्लायमधल्या मेन फिल्टरकडे सर्रास काणाडोळा होतो, ही आमची तक्रार आहे.

हिशेब मांडून पाहा. ट्यूबची कपॅसिटी २ नॅनोफॅरड धरली तर तिच्यात साधारण ०.६ ज्यूल ऊर्जा साठते. २३० व्होल्टच्या लाइनवर मेन फिल्टर ३२५ व्होल्ट डीसीपर्यंत भरतो. तो २२० मायक्रोफॅरडचा असेल तर झाले ११ ज्यूलच्या वर.

चालता सेट बंद केला की चॉपर थांबता थांबता यातला बराच चार्ज ओढून घेतो. डेड सेटमध्ये स्टार्टअप रेझिस्टर ओपन असला तर सप्लाय ऑसिलेटच होत नाही, मग चार्ज खायला कोणी उरत नाही. ‘काहीच चालत नाही’ म्हणून टेबलावर आलेला आणि आपणच मघाशी प्लग लावून पाहिलेला सेट सर्वांत दगाबाज तो यामुळे. स्क्रू-ड्रायव्हरने फाट्कन शॉर्ट करायची खोड सोडा, त्यात ट्रॅक उडतात. २.२ किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड प्रोबने पाच सेकंद धरा, मग मीटर लावा. मीटर शून्याजवळ आल्याशिवाय बोर्डाला बोट लावू नका.

सीरीज बल्बवरही आपला भलताच विश्वास. बल्ब चॉपर वाचवतो, माणूस नाही. १०० वॉटचा बल्ब ०.४ अँपिअर सहज जाऊ देतो आणि जिवावर बेतायला त्याचा दहावा हिस्साही पुरतो. डिमरस्टॅटचंही तेच. त्याचं वाइंडिंग एकच, त्यामुळे हॉट साइड लाइनला जोडलेलीच राहते. तिथे स्कोपची ग्राउंड क्लिप लावली की भडका ठरलेला. त्यावर उपाय म्हणून स्कोपची अर्थ पिन कापणारे महाभाग आहेतच. मग स्कोपची अख्खी बॉडीच लाइनवर येते.

दुकानात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. मॉनिटरला ५०० व्हीएचा पुरतो. त्यावर सेट लावायचा, स्कोप नाही, आणि एका वेळी एकच सेट. दोन लावले तर दोघांमध्ये हात अडकायची सोय आपणच करून ठेवतो.