दाराशींचा सातपुडा

चांदूर बाजारच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे, आणि आमचे सुशिक्षित तरुण पर्वत पाहावयास हिमालयांत जातात! खुशाल जावें. परंतु तेथें चार-पांच मुक्काम पायीं करणारा हाच गृहस्थ घरच्या चिखलदऱ्यास मात्र मोटारीनें जातो व दिवेलागणीस परततो, हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें.

कोणी म्हणेल, वैराटची उंची अवघी ११७८ मीटर! डोंगराची थोरवी का केवळ उंचीनें ठरते? दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. मेळघाट १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. त्याच्या गाभ्यांत पायपीट नकोच. पण गाभ्याबाहेरच्या कोरकू गांवांत वाटसरूंसाठीं साध्या कुटी कां नसाव्यात? स्विस आल्पाइन क्लबानें स्थापनेच्या वर्षींच, १८६३ मध्यें, पहिली कुटी बांधली. आमच्या कुटींचा कारभार व उत्पन्न दोन्ही गांवाचींच असावींत.

हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. मेळघाटांतील बालमृत्यूंच्या वार्ता आम्ही वर्तमानपत्रांत वाचतों आणि पान उलटतों. ज्याच्या ओसरीवर रात्र काढली, ज्याच्या चुलीवरची भाकर खाल्ली, त्याच्या दुःखाचें पान इतक्या सहज उलटवत नाहीं.