मासे हलके, पाणी जड

मुलांच्या परीक्षा संपल्या की घरात एक मागणी हमखास पुढे येते: "आई, फिश टँक आणू या ना!" चेन्नईत राहत असाल तर ही हौस पुरवायला कोळत्तूर आहे. शोभेच्या माशांचा तिथला बाजार प्रसिद्ध आहे. गिंडीहून एखाद्या रविवारी सकाळी निघायचे, मुलांच्या पसंतीचे मासे निवडायचे आणि संध्याकाळी हॉलमध्ये टाकी मांडायची, असा बेत ठरतो. दुकानात तुम्ही मासा कोणता, फिल्टर कोणता, दिवा कोणता हे सगळे विचारता. एक प्रश्न मात्र बहुतेकांचा राहून जातो. भरल्यावर हे सगळे किती किलो होणार, आणि ते कशावर उभे राहणार?

मासा मुठीत मावतो, म्हणून टाकीचे वजन डोळ्यांत भरत नाही. खरे वजन पाण्याचे असते. तेव्हा पैसे मोजण्याआधी आज थोडे किलो मोजू या.

आधी हिशेब

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एक घनफूट जागेत सुमारे 28 लिटर पाणी मावते. टाकीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला 28 ने गुणा. काठोकाठ भरलेल्या पाण्याचे वजन निघाले.

हॉलमध्ये शोभेल अशी 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घ्या. गुणाकार येतो 9 घनफूट, म्हणजे साधारण 255 लिटर. वर दोन इंच मोकळे सोडले आणि तळाच्या खड्यांनी व्यापलेली जागा वजा केली, तर पाणी उरते सुमारे 210 किलो. आता बाकीचे मिळवा:

• 10 मिलिमीटर जाडीची काच: सुमारे 50 किलो
• तळाशी दोन इंच खडे: सुमारे 45 किलो
• लाकडी किंवा लोखंडी स्टँड: सुमारे 40 किलो
• शोभेचे दगड, फिल्टर, झाकण: सुमारे 10 किलो

एकूण झाले 350 किलोच्या आसपास. म्हणजे पाच मोठी माणसे दीड फूट रुंदीच्या पट्टीत खेटून उभी आहेत, असे समजा. पाहुणे रात्री जेवून घरी जातात, ही पाच माणसे मात्र वर्षानुवर्षे तिथेच उभी राहणार. सततच्या भाराखाली काँक्रीट हळूहळू वाकत जाते, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

लहान टाकीचे गणित वेगळे आहे. 2 फूट × 1 फूट × 1 फूट टाकी सगळे धरून 75-80 किलोपर्यंत जाते. एका माणसाएवढे हे वजन कोणतीही धडधाकट जमीन पेलते. उलट 6 फूट × 2 फूट × 2 फूट टाकीत पाणीच 680 लिटरपर्यंत मावते आणि एकूण भार एक टनाजवळ पोचतो. लांबी दीडपट वाढली, पण वजन जवळजवळ तिप्पट झाले! खाऱ्या पाण्याची टाकी असेल तर पाणी अडीच टक्के जास्त जड असते, शिवाय खालच्या कपाटात फिल्टरची दुसरी टाकी येते. तिचेही लिटर मोजा.

स्लॅब किती पेलतो?

घरे बांधताना जमिनीवर किती भार धरायचा, हे भारतीय मानक आयएस 875 मध्ये दिलेले आहे. राहत्या खोल्यांसाठी हा आकडा दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो आहे. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर खोलीभर 20 सेंटिमीटर, म्हणजे आठ इंच पाणी साठले तर जेवढा भार होईल, तेवढा. तुमच्या टाकीत पाणी त्याच्या दुप्पट उंच असते. वर काच, खडे आणि स्टँड मिळवले की टाकीखालच्या जागेवर दर चौरस मीटरला 600 किलोंपेक्षा जास्त भार येतो.

हे वाचून लगेच घाबरू नका. 200 किलो हा आकडा सगळ्या जमिनीवर पसरलेल्या भारासाठी आहे. 10 फूट × 12 फूट खोलीचा एकूण हिशेब दोन टनांच्या वर जातो आणि त्यात 350 किलो बसतात. चांगल्या स्थितीतल्या आरसीसी इमारतीत 4 फुटी टाकी योग्य जागी ठेवली तर सहसा अडचण येत नाही. प्रश्न असतो तो जागेचा.

जागा कुठली?

स्लॅब सर्वांत जास्त वाकतो तो मधोमध. बीम आणि कॉलमजवळ तो सर्वांत भक्कम असतो. म्हणून टाकी खोलीच्या कडेला ठेवा, कोपऱ्यात कॉलम असेल तर त्याच्याजवळ, आणि लांब बाजू भिंतीला लावून.

पण कोणतीही भिंत चालेल असे नाही. साडेचार इंची आडभिंत कधी कधी नुसत्या स्लॅबवर उभी असते आणि तिच्याखाली बीम नसतो. ओळखायचे कसे? मान वर करा. छताला दिसणारा बीम वरच्या मजल्याचा असतो. मजल्यांचा आराखडा बहुधा सारखाच असल्यामुळे तुमच्या पायाखालीही त्याच रेषेत बीम असण्याची शक्यता मोठी. खात्री हवी असेल तर खालच्या शेजाऱ्यांकडे चहाला जा आणि त्यांचे छत बघून या. तिथे गंजलेल्या सळया, सुटलेले प्लास्टर किंवा ओल दिसली, तर टाकीचा बेत पुढे ढकला आणि आधी दुरुस्तीचे बघा.

बाल्कनीत टाकी नकोच. बहुतेक बाल्कन्या एकाच बाजूने धरलेल्या असतात आणि टोकाला ठेवलेले वजन त्यांना सर्वांत जड जाते. शिवाय चेन्नईच्या उन्हात मासे उकडतील, ते वेगळेच.

तळमजल्यावर स्लॅबची काळजी नसते, पण लादीखालचा भराव खचलेला नाही ना हे बघा. गिंडीच्या उत्तरेला अड्यार नदी आहे आणि डिसेंबर 2015 चा पूर या भागात कोणी विसरलेले नाही. तळमजल्यावर विजेचे बोर्ड आणि पंप शक्य तितक्या उंचावर बसवा.

जुन्या घरांत जास्त जपा. चेन्नईच्या 'मद्रास टेरेस' पद्धतीच्या घरांत सागवानी वाशांवर उभ्या विटा आणि चुना असतो, तर पुण्याच्या वाड्यांत तुळया आणि कडीपाट असतो. लाकूड आतून किडले असेल तर बाहेरून कळत नाही. अशा घरात वरच्या मजल्यावर लहानच टाकी ठेवा. ती एकाच तुळईवर न येता अनेक तुळयांवर आडवी येईल असे बघा.

टाकी 300 लिटरच्या पुढची असेल किंवा इमारत जुनी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवाच. ज्या गिंडीत 1794 च्या सर्व्हे स्कूलमधून वाढलेले इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथे असा माणूस शोधायला फार लांब जावे लागणार नाही!

स्टँड आणि पाणसळ

चार बारीक पायांच्या स्टँडवर प्रत्येक पायाखाली जवळजवळ 90 किलो येतात. लादीखाली पोकळी असेल तर ती तडकते. म्हणून आधी लादी नाण्याने ठोकून बघा, पोकळ लादीचा आवाज वेगळा येतो. सलग तळपट्टीचा स्टँड घ्या, म्हणजे वजन पसरेल. टीव्हीचे कपाट किंवा भुशाच्या बोर्डाचे टेबल वापरू नका. पाणी लागले की तो बोर्ड फुगतो आणि खचतो.

स्टँडवर गवंड्याची पाणसळ ठेवून तो दोन्ही दिशांनी सपाट आहे ना ते बघा. टाकी तिरकी असेल तर काचेच्या जोडांवर असमान ताण येतो. टाकीखाली थर्माकोल किंवा फोमची शीट घाला. उंच, अरुंद टाकी असेल तर स्टँड मागच्या भिंतीला पक्का करा. 11 एप्रिल 2012 ला सुमात्राजवळ भूकंप झाला तेव्हा चेन्नईतही धक्के जाणवले होते. मुलेही टाकीला लोंबकळतात, हे धरून चाला.

भरताना घाई नको

पहिल्या दिवशी एक तृतीयांश भरा आणि पाणसळ पुन्हा लावा. दुसऱ्या दिवशी अर्ध्याच्या वर, तिसऱ्या दिवशी पूर्ण. दर वेळी जोड, स्टँड आणि लादी तपासा. मासे त्यानंतरच. भरलेली टाकी, अगदी अर्धी भरलेलीसुद्धा, कधीही सरकवू नका.

16 डिसेंबर 2022 च्या पहाटे बर्लिनच्या एका हॉटेलमधली 10 लाख लिटरची टाकी फुटली. दोन जण जखमी झाले आणि बहुतेक मासे मेले. तुमची टाकी तिच्यापुढे चिमुकली आहे. तरीही 210 लिटर पाणी 10 फूट × 12 फूट खोलीत पसरले, तर जवळजवळ दोन सेंटिमीटर साचते. मग ते शेजाऱ्यांच्या छतातून खाली उतरते.

भाड्याचे घर असेल तर

गिंडीत नोकरीसाठी आलेली बरीच मराठी कुटुंबे अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. घरमालकांना टाकीचे माप आणि अंदाजे वजन आधीच सांगा आणि त्यांचा होकार मेसेजवर घ्या. सोडताना लादी तडकलेली निघाली तर वाद अ‍ॅडव्हान्सवर येतो. घर वारंवार बदलत असाल किंवा लिफ्ट नसेल, तर 2 फुटी टाकीच बरी. 50 किलोंची रिकामी काच तिसऱ्या मजल्यावरून उतरवायला चार माणसे लागतात.

मुलांना या हिशेबात सामील करून घ्या. एकाने टेप धरावी, एकाने गुणाकार करावा आणि आजीने कागदावर बेरीज मांडावी. आकडा हातात आला की दुकानात कोणती टाकी मागायची, हे तुमचे तुम्हालाच कळेल.