कागद नाही, मग किंमत कशाची?

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं. याच शहरात कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रम उभा राहिला आणि त्याच्या पंचवीस-पंचवीस पुस्तकांच्या पेट्या परदेशांतल्या मराठी मंडळींपर्यंत पोचल्या. एक पुस्तक चार घरं फिरतं, ही इथल्या वाचकाची सवय. म्हणूनच ई-पुस्तक घेतल्यावर तो विचारतो : हे बहिणीला देता येत नाही, वाचनालयाला देता येत नाही, रद्दीत विकताही येत नाही. मग छापील प्रतीएवढे पैसे का घेता?

प्रश्न रास्त आहे. प्रकाशक त्याला खर्चाचा हिशेब दाखवतात, तो अर्धाच खरा. कागद, छपाई, बांधणी, गोदाम सुटतं. विक्रेत्याचं कमिशन मात्र सुटत नाही, ते ई-दुकानाकडे जातं. लेखकाचं मानधन, संपादन, मुखपृष्ठ तेवढंच. शिवाय मराठीचं खास दुखणं आहे. आपली बरीचशी पुस्तकं श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत जुळवलेली. ती युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्याच अक्षरावर बसतो, जोडाक्षरं फुटतात, वेलांटी मागे-पुढे होते. ओळ न् ओळ पुन्हा तपासावी लागते. याचे पैसे वाचकाने द्यावेत. पण ही तपासणी न करताच पुस्तक विकायला ठेवलं असेल, तर ते पैसे मागायचा हक्क प्रकाशकाला उरत नाही.

कराचीही अडचण आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. जुलै 2018 मध्ये ई-पुस्तकावरचा कर 5 टक्के झाला, पण छापील आवृत्ती असलेल्यांपुरताच. जे नवं लेखन थेट पडद्यावर आलं ते 18 टक्क्यांतच राहिलं. छपाईचा खर्च न पेलणाऱ्या नव्या लेखकावर हा उघड अन्याय आहे.

बाकी उरते ती भीती : ई-आवृत्ती स्वस्त केली तर छापील गठ्ठे पडून राहतील. ॲमेझॉनने 2007 मध्ये किंडलवर नवी पुस्तकं 9.99 डॉलरला लावली, तेव्हा अमेरिकेतल्या बड्या प्रकाशकांनाही हीच धास्ती होती. किंमत आपल्या हाती ठेवण्याच्या त्यांच्या खटपटीतून 2012 मध्ये तिथल्या सरकारने त्यांच्यावर खटला भरला. आपल्याकडे ही भीती मला पटत नाही. पुण्या-नाशिकच्या दुकानांपासून लांब राहणाऱ्या वाचकाला महाग ई-पुस्तक दिलं, तर तो छापील प्रत मागवत नाही, व्हॉट्सॲपवर आलेली चोरटी पीडीएफ वाचतो.

वाचकांची नाराजी नीट वाचली, तर तिच्यात किमतीइतकंच अशुद्ध मजकुराबद्दल असतं. अनुक्रमणिकेवरून प्रकरण उघडत नाही, तळटीपा हरवल्या, कवितेच्या ओळी गद्यासारख्या एकत्र झाल्या. छापील पुस्तकातली चूक दुसऱ्या आवृत्तीपर्यंत थांबते. ई-पुस्तकातली त्याच आठवड्यात निघू शकते. तरीही फार थोडे प्रकाशक ती काढतात.

हे आम्हालाही लागू आहे, म्हणून यंदा आमच्या ई-अंकाची किंमत छापील अंकाच्या निम्मी ठेवली आहे. त्यात दोष दिसला तर पान आणि ओळ कळवा. दुरुस्त अंक सर्व ग्राहकांना पुन्हा पाठवू, वेगळे पैसे न घेता.