दोन आज्ञा, एकच प्रेम

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत चौपाटीवर शारदासदन सुरू केले. गिरगावच्या फणसवाडीतून पायी निघालेला माणूस अर्ध्या तासाच्या आत जिथे पोहोचतो, तो हा टापू. उद्घाटनाच्या समारंभाला अध्यक्ष होत्या काशीबाई कानिटकर. सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे कोकणातली गोदूबाई, नरहरपंत जोशींची बहीण. विधवांना अक्षरओळख, निवारा आणि माणूस म्हणून मान मिळावा, हा हेतू. तरीही पुढच्या चार-पाच वर्षांत या संस्थेवरून मराठी वृत्तपत्रांत जे रान पेटले, त्याची धग आजही जाणवते. कारण रमाबाई ख्रिस्ती होत्या.

येशूला एका शास्त्र्याने विचारले होते, सर्वांत मोठी आज्ञा कोणती? त्याने एक विचारली, येशूने दोन सांगितल्या: सर्वस्व ओतून देवावर प्रेम करावे आणि शेजाऱ्यावर स्वतःवर करावे तसे. दोन्ही आज्ञा जुन्याच होत्या. पहिली अनुवादाच्या पुस्तकातली, दुसरी लेवीयच्या. येशूने त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकीवाचून दुसरी अपुरी ठरवली. माणसाचे दुभंगलेपण याच वाटेने भरून येते, असा ख्रिस्ती धर्माचा दावा आहे. या दाव्यावर महाराष्ट्रात तीन आक्षेप पुन्हापुन्हा घेतले जातात. ही सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष, हा पहिला. सेवा खरी असेल तर मधे देव कशाला, हा दुसरा. आणि तिसरा आजकालचा: आधी स्वतःला सावरा, स्वतःवर प्रेम करा, शेजारी मग पाहता येईल. तिन्हींचा विचार रमाबाईंच्या आयुष्याला धरून करता येतो आणि तसाच तो करायला हवा, कारण हवेतल्या तत्त्वांवर वाद घालणे सोपे असते.

पहिला आक्षेप हलका नाही. शारदासदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींना आपापले आचार पाळू द्यायचे, अशी व्यवस्था ठरली होती. रमाबाई मात्र मुलीला, मनोरमेला, घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे असे. काही विद्यार्थिनी तिथे येऊन बसू लागल्या. सदन १८९० मध्ये पुण्याला हलले होते. १८९३ मध्ये हे प्रकरण टोकाला गेले. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. परक्या देशातून आलेला पैसा, परावलंबी विधवा आणि श्रद्धेने भारलेली संचालिका हे तिन्ही एका छपराखाली आले की मुलींच्या मनावर दडपण येण्याची शक्यता असते. रानड्यांच्या मनात ही शंका आली यात त्यांचा क्षुद्रपणा मुळीच नव्हता. पुढे रमाबाईंनी केडगावला काढलेल्या मुक्तिसदनात पुष्कळ जणी ख्रिस्ती झाल्या, हेही खरे.

पण आमिषाचा आरोप सिद्ध व्हायचा तर सेवा ही धर्मांतराच्या अटीवर मिळाली पाहिजे. गोदूबाईंचे काय झाले ते पाहावे. त्या सदनात राहिल्या, शिकल्या आणि ११ मार्च १८९३ रोजी, सदनाच्या वर्धापनदिनीच, धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. वादाने पेट घेतला त्याच वर्षातली ही घटना आहे. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, ज्यातून पुढे हिंगण्याची संस्था उभी राहिली. रमाबाईंच्या हाताखाली घडलेली पहिली विधवा महाराष्ट्रातल्या हिंदू विधवाश्रमाची आधारस्तंभ झाली, हे फळ आमिषाच्या झाडाला लागत नाही.

दुसरा पुरावा १८९७चा. प्लेगच्या साथीत सरकारी प्लेग रुग्णालयात आपल्या आश्रयाखालच्या एका मुलीचे जे हाल झाले, त्याविषयी रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते आणि मदतीचा ओघही त्याच धर्माच्या लोकांकडून येत होता. ज्या बाईला धर्माची माणसे आणि धर्माचा पैसा जपायचा आहे, ती असले पत्र लिहीत नाही. ज्या बाईला शेजारी जपायचा आहे, तिला ते लिहावेच लागते.

राहिला तो उघड्या दाराचा मुद्दा. ते दार लावून घेतले असते तर संस्था कदाचित शांतपणे चालली असती. पण ज्या श्रद्धेमुळे ही बाई विधवांसाठी उभी राहिली, तीच श्रद्धा त्या विधवांपासून लपवून ठेवावी, ही मागणी कितपत रास्त होती? लपवणे हीच फसवणूक ठरली असती. उघडे दार निदान प्रामाणिक होते: आत काय चालते ते कोणालाही दिसत होते, आत यायची सक्ती नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सेवा महत्त्वाची, देव नाही. याच्या समर्थनार्थ गोपाळ गणेश आगरकरांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. देवाविषयी अज्ञेयवादी असलेल्या या माणसाने विधवांच्या दुःखासाठी आयुष्य झिजवले. त्यामुळे देव न मानणाऱ्याला शेजाऱ्यावर प्रेम करताच येत नाही, असे कोणी म्हणत असेल तर तो उघड्या डोळ्यांनी असत्य बोलतो. ख्रिस्ती शिकवण तसे म्हणतही नाही. लूकच्या शुभवर्तमानातली दयाळू शोमरोन्याची कथा आठवावी. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटला गेलेला माणूस अर्धमेला पडला आहे. याजक येतो, बाजूने निघून जातो. लेवी येतो, तोही जातो. थांबतो तो शोमरोनी, ज्याला यहुदी लोक धर्मभ्रष्ट समजत. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून, आपल्या जनावरावर बसवून तो त्याला उतारशाळेत नेतो, पैसे मोजतो आणि पुढचा खर्चही अंगावर घेतो. म्हणजे शेजारधर्माचा आदर्श म्हणून येशूने स्वधर्मीयाला निवडलेच नाही. तापलेल्या वाळूतून अंत्यजाच्या मुलाला कडेवर उचलून घेणाऱ्या एकनाथांची कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे पटायला वेळ लागू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्तापाशी आलो असे मानत.

मग देवावरच्या प्रेमाने नेमके काय वाढते? निवड संपते. माणसाची करुणा बहुधा आपल्या जातीच्या, आपल्या वाडीच्या, आपल्याशी बऱ्या वागणाऱ्या लोकांपर्यंत जाते आणि तिथे दमते. या कथेआधी एका शास्त्र्याने येशूला विचारले होते, माझा शेजारी कोण? त्याला सीमारेषा आखून हवी होती. कथा सांगून झाल्यावर येशूने प्रश्नच उलटा केला: त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? आता यादी करायची सोय उरली नाही. जो समोर पडला आहे तो देवाचा आहे, म्हणून तो माझा आहे. त्याची लायकी, त्याचे आभार, त्याचा धर्म यांपैकी कशाचाही हिशेब यात येत नाही.

रमाबाईंना ही गोष्ट इंग्लंडमध्ये कळली. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींबरोबर राहत असताना त्यांनी लंडनमध्ये फुलम इथला, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी चालवलेला आश्रम पाहिला. शास्त्रे पाठ असलेल्या, ‘सरस्वती’ ही पदवी मिळालेल्या या विदुषीने अशा बायकांना प्रेमाने वागवणारे लोक पूर्वी पाहिले नव्हते. हे कशामुळे, असे तिने विचारले तेव्हा एका भगिनीने तिला विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची आणि येशूची भेट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावला त्यांनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन काढले. फुलमला पाहिलेले प्रेम त्यांनी उचलून पुणे जिल्ह्यात आणले, आणि तेही त्या काळी ज्या स्त्रियांचे नाव घ्यायला समाजसुधारकही कचरत होते त्यांच्यासाठी.

उलट बाजूही तितकीच ठामपणे सांगितली पाहिजे. केवळ देवावरचे प्रेम, शेजाऱ्यावाचून, कुठे नेते? टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा आणि पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार उद्ध्वस्त झाला. जवळजवळ पाच वर्षे पती-पत्नी दुरावली. श्रद्धेपायी घर मोडते, हा आक्षेप इथे खरा ठरला असता. लक्ष्मीबाई नुसत्या नवऱ्यामागून ख्रिस्ती झाल्या असत्या तर तो खराच ठरला असता. पण ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र सांगते ते वेगळे आहे. आधी त्यांच्या मनातली जातीची भिंत कोसळली. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, उत्तर स्वतःच शोधले, आणि कोणाच्याही हातचे पाणी घ्यायला त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा १९०० मध्ये, त्यानंतर. शेजारी आधी आत आला, मग देव. एका बाईच्या मनातली सोवळ्या-ओवळ्याची फाळणी मिटली आणि तिच्याबरोबर मोडलेला संसारही सांधला गेला. त्यांच्या घरात पुढे किती अनाथ मुले आली-गेली, ते त्या पुस्तकात सापडते.

तिसऱ्या आक्षेपाला आज सर्वाधिक भाव आहे. आधी स्वतःचे घाव भरा, मग दुसऱ्याकडे पाहा. थकलेल्या माणसाला विश्रांती हवी, दुखावलेल्याला उपचार हवेत, यात शंका नाही. स्त्रीला तर ‘झिजत राहा’ हाच उपदेश पिढ्यान्‌पिढ्या मिळाला आहे, म्हणून शेजाऱ्यावर प्रेम या शब्दांकडे बायकांनी संशयाने पाहिले तर त्यांचे चुकत नाही. पण रमाबाईंनी स्वतःला पुसून टाकले नव्हते. इंग्लंडमध्ये त्यांनी पुरुषांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा ती त्यांनी साफ धुडकावली. धर्मगुरूचा प्रत्येक शब्द मानायचा नाही, हे त्यांनी आपल्या ख्रिस्ती गुरुभगिनींना खडसावून कळवले. स्वतःवर करावे तसे प्रेम शेजाऱ्यावर करायचे, तर स्वतःलाही हिशेबात धरावेच लागते.

तरीही त्या बऱ्या होण्याची वाट पाहत बसल्या नाहीत. दक्षिणेतल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसे पुरेनात तेव्हा रमाबाईही पुढे झाल्या आणि उंची कमी म्हणून त्यांनी ती डोक्यावर घेतली. पुढे भाऊ गेला. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले आणि पदरात वर्षाचेही न झालेले मूल राहिले. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाची बाजू मांडली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. प्लेगमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतात आणले. मुक्तिसदन असे उभे राहिले. उपाशी मरणे म्हणजे काय हे ज्या मुलीने आपल्या घरात पाहिले होते, तीच आता भुकेल्या मुलींच्या टोळ्या घेऊन गाडीत बसली होती. जुना घाव पुसला गेला नाही. तो कामाला आला.

ख्रिस्ती अर्थाने पूर्णत्व ते हेच. दुःखाची अनुपस्थिती म्हणजे पूर्णत्व नव्हे. पहिली आज्ञा हृदय, जीव, बुद्धी आणि शक्ती, सगळेच मागते, आणि माणसाचा कोणताही तुकडा वाया जाऊ देत नाही. मुक्तिसदनात बायका शेती करीत, कापड विणीत, छापखाना चालवीत, आंधळ्या मुली ब्रेल शिकत. रमाबाईंनी वडिलांकडून मिळालेली भाषेची सारी पुंजी बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत आणण्यात लावली. आणि हे एका रात्रीत घडले नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त अजून मिळालाच नाही, असे त्यांना जाणवले. शेजाऱ्याची सेवा चालूच होती, तरी आत रितेपण होते. ज्यांना देव वजा करून सेवा ठेवायची आहे, त्यांनी या कबुलीचे उत्तर द्यायला हवे. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या.

आजच्या गिरगावात हा वाद पुस्तकी नाही. फणसवाडीत बालाजीचे देवस्थान आहे, जवळच डाबूलचे चर्च आहे, खोताच्या वाडीत क्रूस आहे, प्रार्थना समाजाचे मंदिर आहे. चाळी पाडल्या जात आहेत, टॉवर उठत आहेत, भिंतीपलीकडचा खोकला ऐकू येणारे शेजार संपत आहेत. पुनर्विकासात कोणी संक्रमण शिबिरात गेले, कोणी विरारला. मागे राहिलेले म्हातारे बंद दारामागे एकटे आहेत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी उभे राहताना पाणी आणि झाडे कोणत्या धर्माच्या शेजाऱ्याची आहेत हे विचारले नव्हते. गिरगावच्या चर्चांनीही रविवारच्या उपासनेबरोबर आपल्या गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्यांची यादी करावी, तीत बालाजीला जाणारे आणि मशिदीत जाणारेही असावेत, आणि त्यांच्या दारात जाताना हातात कोणतेही पत्रक नसावे. आक्षेप घेणाऱ्यांनीही १८९३च्या एका उघड्या दाराशी थांबू नये. त्यांनी गोदूबाई कर्वे, प्लेगचे ते पत्र आणि केडगावला उतरलेल्या मुली यांचा एकत्र हिशेब मांडावा, आणि मग सांगावे की यातले प्रेम देवावरचे किती होते आणि माणसावरचे किती.